अठ्ठ्याऐंशी स्लिपा

१

गोकुळचे एकाहत्तर लाख शहाण्णव हजार अठ्ठ्याऐंशी रुपये कोणी खाल्ले, हे गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी सव्वाचार वाजता, अख्ख्या गावासमोर, लाऊडस्पीकरवर सिद्ध झालं. गुन्हेगारांनी स्वतःहून कबुली दिली. निरपराध बाईवरचा आळ धुतला गेला.

तंटामुक्ती समितीचं त्या दिवशीचं इतिवृत्त मात्र सांगतं की गणपूर्तीअभावी सभा झालीच नाही. खाली गोल शिक्का आहे. शिक्क्यापुढे आमच्या डोळ्यांची काय पत्रास! तेव्हा वरचा परिच्छेद आपण वाचलेला नाही. काहीही सिद्ध झालेलं नाही. पैसे गेलेत, चोर मोकळा आहे आणि संशय एकट्या राखीवर आहे. इथून सुरुवात करू.

आमचं गाव वडनेर भोलजीपासून सहा किलोमीटरवर. नाव सांगत नाही, उगाच लोकांना अभिमान वाटायला लागतो. या गावातला गोकुळ हा टीव्हीवरच्या कबड्डी लीगमध्ये सहा हंगाम चढाया करत होता. उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला पाय लावून तो असा परतायचा की समोरच्याला आपण बाद झालो हे रात्रीच्या बातम्यांतून कळावं. सातव्या हंगामाच्या सरावात त्याचा गुडघा फिरला, आणि संघाने त्याला एक सन्मानचिन्ह व स्लीपरचं तिकीट देऊन नांदुऱ्याला उतरवलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा खर्च चार लाख सांगितला. गोकुळ हसला. चार लाख म्हणजे त्याच्या एका हंगामाची चिल्लर. तो काका रामराव यांना घेऊन बँकेत गेला. खात्यात चार हजार तीनशे बारा रुपये होते.

घर, जिम आणि सहा वर्षांचा संसार यांचे पैसे चेकने आणि मोबाईलवरून गेले होते, त्यांचा हिशोब लागला. राहिलेले एकाहत्तर लाख शहाण्णव हजार अठ्ठ्याऐंशी मात्र रोखीने काढलेले होते. स्लिपा अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक स्लिपेवर एकच सही, गोकुळच्या बायकोची, राखीची. खातं दोघांच्या नावाचं होतं, कारण गोकुळ वर्षातले आठ महिने शिबिरात असायचा आणि तिथे मोबाईल काढून घेत.

रामराव हे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावात तंटा होऊ नये म्हणून त्यांनी आठवड्याच्या आत मारुतीच्या सभामंडपात सभा लावली आणि राखीला सर्वांसमोर उभं केलं.

"सूनबाई, पैसे कुठी गेले?"

"इथी बसले त्यायलेच इचारा," राखी म्हणाली.

'उद्धट उत्तर' अशी नोंद झाली. गोकुळ गुडघ्याकडे बघत होता. गुडघ्यात काही दिसलं असेल तर त्याने ते सांगितलं नाही. ठराव असा आला की पुढच्या शुक्रवारपर्यंत राखीने पैसे आणून ठेवावेत. नाही तर तिने माहेरी, हिवरा आश्रम या गावी, कायमचं जावं. पाच वर्षांची ओवी मात्र इथेच राहील, कारण पोरगी या घरची आहे.

ठराव वाचून झाल्यावर बायामाणसं राखी रडण्याची वाट बघत थोडा वेळ थांबली. ती रडली नाही. घरी गेली आणि तिने नांदुऱ्याला एक फोन लावला.

२

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीतून स्नेहलता मॅडम उतरल्या. खांद्याला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. वय सदुसष्ट. नांदुऱ्याच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या आणि एकतीस वर्षं कबड्डीच्या पंच. गोकुळला पहिल्यांदा मैदानातून बाहेर काढलं ते त्यांनीच, तो सहावीत असताना.

चढाईला गेलेला गडी कबड्डी-कबड्डी म्हणत असतो. मध्येच त्याने चोरून श्वास घेतला तर तो बाद. इतर लोक त्याचे हातपाय बघतात. पंच कान लावून उभा असतो, दम कुठे तुटतो ते ऐकत. मॅडमनी पोलीस तपासाचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांना एवढंच येत होतं. घरं दाखवायला मला सोबत घेऊन, गावात फिरून त्या प्रत्येकाला एकच म्हणणार होत्या: जे घडलं ते एका दमात सांगा.

पहिले रामराव. त्यांनी चहा मागवला, पानाचा डबा पुढे केला, आणि बोलायला लागले. गोकुळचा बाप लवकर गेला, आपणच त्याला वाढवलं, दूध पाजलं, लंगोट शिवून दिला, जिल्ह्याच्या स्पर्धेला बैलगाडीतून नेलं. (त्या वर्षी गावात सतरा ट्रॅक्टर होते, पण बैलगाडी ऐकायला बरी वाटते.) पुढे पोरगा मोठा झाला, टीव्हीवर आला, गावाचं नाव झालं, सून मात्र हातची सैल निघाली, हे सगळं त्यांनी न थांबता सांगितलं. मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या.

"आन् मंग पोट्ट्यानं गावासाठी बी लय केलं," रामराव म्हणाले, "सभामंडपाले बी त्यानंच..." इथे त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले. पुन्हा सुरू झाले ते थेट सुनेच्या साड्यांवर.

मॅडमनी वहीत लिहिलं: सभामंडपाशी दम तुटला.

"साड्या किती आहेत तिच्याकडे?" त्यांनी विचारलं.

रामरावांनी मोजलेल्या नव्हत्या. पण बाईमाणसाकडे साड्या असतात, म्हणजे पैसे त्यातच गेले असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. एकाहत्तर लाखांच्या साड्या ठेवायला गोदाम लागतं, हे मॅडम बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की पैशांची पहिली बोंब कोणी मारली.

"मीच," रामराव म्हणाले. "घरचा माणूस नाही बोलणार तं कोण?"

बाहेर पडताना मॅडमना सभामंडपाच्या खांबावरची संगमरवरी पाटी दिसली. देणगीदारांची नावं कोरलेली होती. पहिल्या क्रमांकाचं नाव लिहायचं तिथे जागा कोरी होती, आणि ती जागा नुकतीच पॉलिश पेपरने घासलेली दिसत होती.

३

दुसरा संशयित शिवम. गोकुळचा लंगोटीयार. गोकुळच्या पैशातून त्याने गावात जिम काढली, आणि गेल्या महिन्यात त्याच्या दारात नवीकोरी मोटारसायकल उभी राहिली. गावाने दोन्हींची बेरीज केव्हाच करून ठेवली होती. पण शिवमची आई तंटामुक्ती समितीवर सदस्य असल्यामुळे ती बेरीज कोणी मोठ्याने वाचत नव्हतं.

जिममध्ये गेलो तर ट्रेडमिलवर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. डंबेल्स ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर. आरशासमोर एक म्हातारे गृहस्थ दाढी करत होते, त्यांनी वार्षिक वर्गणी भरली होती आणि ती ते वसूल करत होते.

"एका दमात सांग," मॅडम म्हणाल्या.

शिवमने सांगितलं. चौदा लाखांची जिम, त्यातले गोकुळचे सगळे, पहिल्या महिन्यात चाळीस पोरं, दुसऱ्या महिन्यात नऊ, तिसऱ्यात कापूस वेचायला लागल्यावर एकही नाही. "मशिनी साऱ्या जागच्या जागी हायत, मॅडम, दोन ट्रेडमिली..." इथे तो थांबला.

जागेवर एकच ट्रेडमिल होती.

"विकली," शिवम खाली बघत म्हणाला. "मलकापुरात. गाडीचं डाऊन पेमेंट केलं. गोकुळले नोका सांगू."

मी मनात म्हटलं, सापडला. एक ट्रेडमिल विकणारा एकाहत्तर लाखही विकेल. मॅडमनी मात्र वही मिटली. त्यांचं म्हणणं असं की हा चोर आहे, पण आपला नव्हे. बँकेतून रोकड काढताना सही राखीची आहे, आणि ट्रेडमिल विकायला राखीची सही लागत नाही. शिवाय ज्याच्याकडे एकाहत्तर लाख असतील तो मिरच्या वाळवण्याचं भाडं घेत नाही. शिवम पाटीमागे पाच रुपये घेत होता.

जाता जाता मॅडमनी त्याला सहज विचारलं, राखीने तुझ्याकडे कधी पैसे दिले का? तो म्हणाला, मला नाही, क्रीडा मंडळाला. आणि लगेच म्हणाला, म्हणजे मला माहीत नाही.

दोन दम. दोन्ही तुटलेले.

४

तिसरे चंद्रशेखर सर. हायस्कूलमध्ये मराठी शिकवतात आणि पंचक्रोशीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करतात. लग्न, तेरवी, बोअरवेलचं उद्घाटन, सरांशिवाय माईक चालू होत नाही. गोकुळला 'वऱ्हाडचा वाघ' ही पदवी त्यांनीच दिली. त्याआधी ती गावातल्या दोन सरपंचांना आणि एका बैलाला दिलेली होती.

सर एका दमात बावीस मिनिटं बोलले. दम कुठेच तुटला नाही. गुरुवंदना झाली, मातीची महती झाली, लाल मातीतून आलेला हिरा आणि त्याला लागलेलं संसाराचं ग्रहण झालं. मॅडम एकदाही डोळे न उघडता बसून होत्या.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "हा नाकाने श्वास घेतो. असे चढाईपटू फार थोडे असतात. यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं."

मग मागे वळून, दारातूनच, त्यांनी सरांना एक प्रश्न टाकला: पावत्या कुठे आहेत?

कसल्या पावत्या, हे सरांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "उंदरांनी खाल्ल्या."

मॅडमना पावत्यांबद्दल काहीही माहीत नव्हतं. अंधारात पाय मारला होता, तो कोणाला तरी लागला होता.

५

गुरुवारी दुपारी मॅडम राखीच्या ओट्यावर बसल्या. राखी तुरी पाखडत होती. गोकुळ आत खाटेवर, पाय उशीवर. ओवी त्याच्या सन्मानचिन्हांची आगगाडी करून खेळत होती. डबे पुष्कळ होते.

मॅडमनी बँकेचा उतारा मागितला. गावाने उतारा पाहिला होता, पण शेवटची ओळ. सहीही पाहिली होती. मधली नऊ पानं कोणी उघडली नव्हती, कारण चोर ठरलेला असला की मधली पानं वाचायचं काम उरत नाही.

मॅडमनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "राखी, बँकेतला माणूस कटकट नाही करायचा? दर वेळी सुट्टा रुपया?"

"करे नं. म्हणे, वहिनी, तुम्ही हा एक रुपया घरूनच आणत जा."

तेव्हा आम्हीही वाकून पाहिलं. एक्कावन्न हजार एक. एकवीस हजार एक. एक लाख एक हजार एक. अकरा हजार एक. अठ्ठ्याऐंशी नोंदी, आणि प्रत्येकीच्या शेवटी वरचा एक. म्हणून तर बेरीज अठ्ठ्याऐंशीवर संपत होती. खरं सांगायचं तर आम्हाला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं. वरचा एक रुपया आमच्याकडे हवेसारखा आहे, कोण बघतो त्याच्याकडे?

"मी एकतीस वर्षं पोरांची पाकिटं चोरीला गेलेली पाहिली आहेत," मॅडम म्हणाल्या. "चोर कधीच वर एक रुपया घेत नाही. वर एक रुपया देणारा देतो."

मग तारखा. वीस फेब्रुवारी, म्हणजे शिवजयंतीचा दुसरा दिवस. दर वर्षी. हनुमान जयंतीचा दुसरा दिवस. गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस. गावात मांडव पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी राखी बँकेत.

"तू हे सांगितलं का नाहीस?"

राखीने सूप खाली ठेवलं. "सांगतलं नं. पह्यल्याच दिवशी. इथी बसले त्यायलेच इचारा म्हणलं. आता याच्याहून सोपं कसं सांगू?"

मग तिने जे सांगितलं ते असं. आमच्या गावात सत्कार केला की सत्कारमूर्तीच्या नावाने देणगी जाहीर होते. त्याला विचारायची पद्धत नाही. अंगावर शाल, हातात नारळ, दोन्ही हात गुंतलेले, समोर हजार माणूस, आणि चंद्रशेखर सर माईकवर म्हणतात की आपले लाडके सुपुत्र एक्कावन्न हजार एक रुपये जाहीर करत आहेत, जोरदार टाळ्या. अशा वेळी माणूस मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन माणसं पावतीबुक घेऊन दारात. पावत्या तिने जपून ठेवल्या होत्या. मागच्या वर्षी कर वाचवून देतो म्हणून सरांनीच त्या पिशवीसकट नेल्या.

"पण मी तं अठरा-एकोणीस खेपाच मान हालवली असन," गोकुळ आतून म्हणाला.

"बाकीच्या खेपी तुम्ही शिबिरात होते," राखी म्हणाली. "तुमच्याशिवायच सत्कार होये. फोटोले शाल घालत. मी फोन लावो तं बंद. ते म्हणत, गोकुळभौच्या नावानं जाहीर झालं, आता नाही म्हणलं तं त्याची जबान जाईन. मी काय करू? तुमची जबान वाचवू का पैसे?"

मॅडमनी गोकुळला एकच गोष्ट विचारली. बँकेतून परत येताना, रस्त्यात, तू काकांना काय म्हणालास?

त्याने आठवून सांगितलं. म्हणालो होतो की काका, ऑपरेशनपुरते चार लाख मंडळांकडून, समित्यांकडून उसने मागू. आपण एवढं दिलं, ते एवढं देतील.

आता तपासात काही बाकी उरलं नव्हतं. बोंब आधी कोणी मारली, आणि का मारली, दोन्ही कळलं. घेतलेले परत मागायला माणूस दारात यायच्या आत त्याच्याच घरात चोर उभा केला की झालं. आणि घरात चोर उभा करायचा तर सून हाताशी असतेच. सहा वर्षं पोराने गुडघा घासून मिळवलेलं गावाने पंक्तीला बसून खाल्लं, आणि उष्टी पत्रावळ तिच्या पुढ्यात सरकवून म्हणाले, बघा, ही जेवली. पण पावत्या उंदरांनी खाल्लेल्या. साक्षीदार म्हणजे तेच जेवलेले. उद्या शुक्रवार.

"पुरावा नाही आपल्याकडे," मी म्हणालो.

"पुरावा कशाला?" मॅडम म्हणाल्या. "उद्या सभेला माईक आहे ना?"

६

सभा तीन वाजता भरली. तीनशेच्या वर माणूस. समितीचे सगळे सदस्य पुढच्या खुर्च्यांवर. राखी खांबाशी उभी, ओवीचा हात धरून. तिने जायची पिशवी भरून आणावी, असा निरोप रामरावांनी सकाळीच पाठवला होता. तिने पिशवी आणली नव्हती.

चंद्रशेखर सरांनी प्रास्ताविक केलं आणि स्नेहलता मॅडमना 'दोन शब्द' दिले. पाहुण्यांना दोन शब्द द्यावेच लागतात, तेवढी आमच्यात रीत आहे. सर माईकच्या शेजारीच उभे राहिले, ते तिथून कधी हलत नाहीत.

मॅडमनी कोणावर आरोप केला नाही. त्यांनी उतारा उघडला आणि सावकाश, स्पष्ट आवाजात वाचलं:

"वीस फेब्रुवारी. एक्कावन्न हजार... एक."

आणि थांबल्या.

आमच्या गावात लाऊडस्पीकरवर असा आकडा आला आणि पुढे शांतता झाली, असं गेल्या पन्नास वर्षांत घडलेलं नाही. ती शांतता कोणाला सहन होईना. पुढच्या रांगेत चुळबूळ झाली. सरांचा दम पहिल्यांदाच कोंडला होता, आणि मग तो फुटला:

"शिवजयंती उत्सव समिती! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. समितीचे खजिनदार उठले, सगळीकडे हात जोडून बसले.

"चोवीस एप्रिल. दोन लाख एक्कावन्न हजार एक."

"हनुमान मंदिर सभामंडप बांधकाम समिती!" सर म्हणाले. आता ते थांबू शकत नव्हते. सायकलचा ब्रेक तुटल्यासारखे उतारावर निघाले होते. रामराव स्वतः उठले. हात जोडले. बसले.

अकरा हजार एक, भजनी मंडळ. एकवीस हजार एक, स्मशानभूमी शेड. एक लाख एक हजार एक, शिवमचं क्रीडा मंडळ. शिवमने उठून छातीवर हात ठेवला. एक्कावन्न हजार एक, भंडारा. टाळ्यांचा जोर वाढत गेला. बायकाही वाजवायला लागल्या. मागून कोणीतरी ओरडलं की आमच्या बोअरवेलचे एकवीस हजार एक राहिले. मॅडम म्हणाल्या की पुढच्या पानावर आहेत, नाव सांगून ठेवा. ओरडणाऱ्याने नाव, हुद्दा आणि मोबाईल नंबर सांगितला.

त्रेसष्टाव्या नोंदीला मीही उठलो. नवदुर्गा युवक मंडळ, सचिव या नात्याने. मला सगळं ठाऊक होतं; आदल्या दिवशी त्या ओट्यावर मी बसलेलो होतो. तरी हात आपोआप जोडले गेले. फक्त अकरा हजार एक होते.

अठ्ठ्याऐंशीवी नोंद झाली. मॅडमनी शिट्टी वाजवली.

"एकूण एकाहत्तर लाख शहाण्णव हजार अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी वेळा घेणारा उभा राहिला. राखी एकदाही उभी राहिली नाही. रामराव, यातल्या किती ठिकाणी अध्यक्ष आपण होता?"

"एकेचाळीस," रामराव अभिमानाने म्हणाले.

सभामंडपात टाळ्या एकेक करून विझत गेल्या. शेवटची टाळी एका म्हाताऱ्याची होती, त्यांना ऐकू कमी येतं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

७

रामराव हे काही हरणारं माणूस नाही. ते पाणी प्यायले आणि त्यांनी नियमाचं पुस्तक मागवलं. ज्या सदस्याचा प्रकरणात हितसंबंध आहे त्याला सभेत बसता येत नाही, असा नियम निघाला. समितीचे सगळेच सदस्य आत्ताच उठून, हात जोडून, हितसंबंध जाहीर करून बसले होते. म्हणजे बसायला पात्र सदस्य शून्य. म्हणजे गणपूर्ती नाही. म्हणजे ही सभा झालेलीच नाही. न झालेल्या सभेत कबुली कशी होईल? शिक्का काढला, शाई लावली, मारला.

पैसे परत करण्याचा विषय न झालेल्या सभेपुढे घेता येत नव्हता. मागच्या शुक्रवारची सभा मात्र झालेली होती, त्यामुळे राखीवरचा संशय कागदोपत्री जागच्या जागी राहिला. तिला माहेरी धाडायचा ठराव तेवढा समितीने बेमुदत पुढे ढकलला, ही मोठ्या मनाची गोष्ट असल्याचं सरांनी माईकवर सांगितलं. आणि मग, वातावरण हलकं व्हावं म्हणून, कोणाच्या तरी डोक्यात आलं की सूनबाईने एवढं सोसलं, तिचा सत्कार झाला पाहिजे.

शाल कुठून आली कळलं नाही, आमच्याकडे ती असतेच. राखीच्या खांद्यावर पडली. नारळ हातात आला. सर माईककडे वळले, आणि मी शपथेवर सांगतो की त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, तोंडालाच वळण लागलेलं होतं. ते म्हणाले, "या निमित्ताने आपल्या राखीवहिनी अकरा हजार एक रुपये..."

"नाही," गोकुळ म्हणाला.

तो खांबाला धरून उभा राहिला होता. सरांनी विचारलं, नाही म्हणजे? त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्या माईकसमोर हा शब्द कोणी वापरला नव्हता. टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोक एकमेकांकडे बघू लागले. गोकुळने बायकोच्या खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली, आणि तिघं घरी निघाली, त्याच्या लंगडण्याच्या वेगाने.

वाटेत राखी त्याला एवढंच म्हणाली की सहा वर्षं उशीर झाला. तो हो म्हणाला.

गुडघ्याचं ऑपरेशन अजून झालेलं नाही. गोकुळ सकाळी वडनेरच्या शाळेत पोरांना बसल्या बसल्या कबड्डी शिकवतो. राखी घरीच आहे, कोणी तिला जा म्हणत नाही, आणि कोणी तिच्या ओट्यावर बसतही नाही. मागच्या सोमवारी ओवी अंगणवाडीतून आली आणि विचारू लागली की माय, तू पैसे कशे खाल्ले, ते कडू लागते काय? दुसऱ्या दिवशी राखीने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तो आवक नोंदवहीत नोंदला आहे, म्हणून इथे देता येतो.

प्रति,
मा. ग्रामसेवक,
ग्रामपंचायत कार्यालय, ता. नांदुरा, जि. बुलढाणा

विषय: चोर नसल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करते की, मी खाली सही करणार राखी गोकुळ, राहणार याच गावची, चोर नाही. मला सदर आशयाचा दाखला मुलीच्या अंगणवाडीत दाखवण्यासाठी आवश्यक आहे. रहिवासी दाखला, हयातीचा दाखला व शौचालय असल्याचा दाखला आपल्या कार्यालयातून यापूर्वी मिळालेले आहेत, त्याच धर्तीवर हा दाखला द्यावा. नियमानुसार जे शुल्क असेल ते भरण्यास मी तयार आहे.

अशा दाखल्याचा नमुना कार्यालयात उपलब्ध नसल्यास, गावातील ज्या कोणा व्यक्तीस आपण आजवर असा दाखला दिला असेल, तिच्या दाखल्याची एक साक्षांकित प्रत मिळावी, म्हणजे मी त्यावरून माझा लिहून आणीन.

आपली विश्वासू,
राखी गोकुळ